ईटिंग डिसऑर्डरमधून बरं होताना ई-सायकल घेताय? या चुका टाळा

ईटिंग डिसऑर्डरच्या ट्रीटमेंटमध्ये एक टप्पा येतो जेव्हा डॉक्टर म्हणतात आता थोडी हालचाल चालेल, आणि मग घरात चर्चा सुरू होते की काय करायचं, जिम नको, टेकडी नको, पळणं तर अजिबातच नको, मग कोणीतरी ई-सायकल सुचवतं. पर्याय चांगला आहे, मी मनापासून सांगते. माझा धाकटा भाऊ अ‍ॅनोरेक्सियातून, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या आजारातून, सावरतोय. त्याला व्यायाम सुटतच नव्हता, पहाटे पुण्यातली वेताळ टेकडी, संध्याकाळी परत टेकडी, आणि जेवायला हाक मारली की "भूक नाहीये". हो, मुलांनाही होतं हे, फक्त उशिरा लक्षात येतं कारण सगळे म्हणत असतात वा, पोरगा काय फिट झालाय. ई-सायकलमुळे तो पुन्हा घराबाहेर पडायला लागला, मित्रांकडे जायला लागला. पण हीच सायकल आजाराच्या हातात पण जाऊ शकते, आणि ते इतकं हळू होतं की घरच्यांना कळत नाही. म्हणून हे सगळं लिहितेय.

डॉक्टरांना न विचारता सायकल बुक करणं

"मोटर आहे ना, त्यात काय विचारायचं" असं म्हणू नका. उपासमारीत हृदयाचा स्नायू पण झिजतो आणि ठोके मंदावतात. घड्याळावर पल्स कमी दिसली की लोक खूश होतात, अ‍ॅथलीटसारखी पल्स आहे म्हणून, पण इथे ती बहुतेक वेळा शरीर वाचवावाचवी करतंय याची खूण असते. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटी करून वगैरे बाहेर काढण्याच्या आजारात, उलट्यांमुळे पोटॅशियम कमी होतं आणि त्याने ठोक्यांची लय बिघडू शकते, वजन अगदी नॉर्मल दिसत असलं तरीसुद्धा. त्यामुळे ईसीजी, सोडियम-पोटॅशियम-फॉस्फरस-मॅग्नेशियमची टेस्ट, आणि झोपलेलं असताना व उभं राहिल्यावरचं बीपी, हे बघून डॉक्टरांनी हो म्हटलं तरच सायकल. किती वेळ, आठवड्यातून किती दिवस, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या आणि लिहून घ्या, कारण लिहिलेलं नसलं की पंधरा मिनिटांचा पाऊण तास कधी होतो कळत नाही.

हाडांचं पण विचारा. बरेच दिवस शरीराला अन्न कमी पडलं, मुलींची पाळी बंद झाली, मुलांचं टेस्टोस्टेरॉन कमी झालं की हाडं ठिसूळ होतात. आता व्यायाम करतोय म्हणजे हाडं मजबूत होतील असं वाटतं, पण सायकलवर आपलं वजन सीटवर असतं, हाडांवर हवा तसा भार येत नाही, त्यामुळे सायकलने हाडं भरून येतील ही आशा धरू नका. उलट आपले खड्डे आणि स्पीडब्रेकर बघता साधं पडणंसुद्धा फ्रॅक्चरपर्यंत जाऊ शकतं. हेल्मेट, सावकाश, आणि पावसात नाहीच.

मोटर बंद करून "खरी" सायकल चालवणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि जवळपास प्रत्येकाला याचा मोह होतो. डिस्प्लेवर असिस्टच्या, म्हणजे मोटर किती मदत करेल त्याच्या, लेव्हल असतात, शून्य ते तीन किंवा पाच, आणि डोक्यातला आजाराचा आवाज म्हणतो की मोटरने गेलास तर ते फुकटचं, ते धरायचं नाही. मी भावाच्या मागे साध्या सायकलवर असायचे, कोथरूडकडून चांदणी चौकाचा चढ लागला की बघत राहायचे. असिस्ट चालू असेल तर त्याचे खांदे स्थिर असायचे. आणि खांदे डावीकडे उजवीकडे हलायला लागले, मान खाली गेली, की समजायचं लेव्हल शून्यावर आहे. "बंद केलीस ना रे?" "थोडंच होतं ताई."

थोडंच नसतं ते. साधी हायब्रिड सायकल बारा-चौदा किलोची असते, आणि ई-सायकल वीस ते पंचवीस किलोची, म्हणजे मोटर बंद करून चढ चढणं हे साध्या सायकलपेक्षा जास्त कष्टाचं आहे. जे टाळायला ही सायकल घेतली तेच दुप्पट करून ठेवतो आपण.

याचंच दुसरं रूप जरा लपलेलं असतं. आपल्याकडे २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर लायसन्स-रजिस्ट्रेशन लागत नाही, त्यामुळे या सायकलींची मोटर २५ च्या आसपास मदत बंद करते. सपाट रस्त्यावर कोणी सतत २६-२७ ने पळवत असेल तर लेव्हल पाचवर असूनही मोटर काही करत नाहीये, सगळं पायांनी चाललंय. घरच्यांना डिस्प्लेवर पाच दिसतो आणि ते निश्चिंत होतात. लेव्हलबरोबर वेगही बघा. आमच्याकडे ठरलंय की लेव्हल तीनच्या खाली जायचं नाही आणि वेग अठराच्या वर न्यायचा नाही. सोबतच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत, धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी. थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता नुसत्या मोटरवर जायची सोय, असेल तर बिनधास्त वापरा, नुसतं बसून गेलात तरी गेलातच ना मित्राकडे.

मनात "हे धरायचं नाही" सारखं येत असेल तर ते थेरपिस्टला सांगा, अगदी याच शब्दांत.

"येऊन खातो"

हे दोन शब्द ऐकले की आमची आई दारात उभी राहते. आधी खायचं आणि मग निघायचं, यात सूट नाही. रिकव्हरीत बरेच दिवस भुकेची जाणीव भरवशाची नसते, त्यात राईडनंतर भूक आणखी दबू शकते, मग आल्यावर "आता नको, जरा वेळाने" आणि तो जरा वेळ दुपारपर्यंत जातो. डायटिशियनने जे तीन जेवणं आणि मधली खाणी दिलेली असतात ती घड्याळाप्रमाणे, राईड असो नसो. राईडच्या दिवशी त्यावर काय वाढवायचं तेही त्यांनाच विचारा, आपल्या अंदाजाने करू नका.

चहावर भागवणं ही आपली खास पुणेरी चूक. पहाटे निघायचं, वाटेत अमृततुल्यला थांबायचं, एक कटिंग घ्यायचा आणि पोटात काहीतरी गेलं असं समजायचं. चहा म्हणजे नाश्ता नाही. पोहे, उपमा, तूप-गुळाची पोळी, काहीही चालेल पण प्लेटभर आणि बसून. खिशात शेंगदाण्याचा लाडू, चिक्की, केळं ठेवा आणि परत येताना ते खिशात तसंच असेल तर त्याबद्दल घरी मोकळेपणाने बोला, ओरडू नका. उपवासाच्या दिवशी सायकल नाही. खरं तर या काळात उपवासच नको. चतुर्थी-एकादशी-नवरात्र हे न खाण्याला फार सोयीचं कारण होतं, आणि आजारी माणसाला उपवास माफ असतो हे आपल्याकडे आजीसुद्धा सांगते.

आणि ग्रुप. पुण्यात सायकल ग्रुपची राईड बहुतेक मिसळीवर संपते, छानच आहे ते, पण तिथे जी वाक्यं ऐकू येतात ती घातक आहेत: "आज मिसळ कमावली", "पाव दोन घेतले म्हणजे उद्या एक्स्ट्रा मारावी लागणार". बाकीच्यांसाठी तो टाइमपास असतो, पण ज्याने वर्षानुवर्षं प्रत्येक घासाची किंमत पायांनी फेडलीये त्याला ते खरं वाटतं. खाणं कमवावं लागत नाही, ज्या दिवशी सायकल जागची हलली नाही त्या दिवशीही तितकंच जेवायचं असतं. असा ग्रुप असेल तर सुरुवातीला टाळा, एकदोन समजूतदार माणसांबरोबर जा.

आकडे बघत बसणं

कॅलरी, किलोमीटर, हार्टरेट. ई-सायकलवर कॅलरीचा आकडा तर निव्वळ अंदाज असतो, मोटरने किती केलं आणि पायांनी किती हे बहुतेक अ‍ॅपना कळतच नाही. स्मार्टवॉच घरी ठेवा. अ‍ॅप काढून टाका, आणि ठेवायचंच असेल तर कॅलरी लपवायची सेटिंग शोधा. आम्ही डिस्प्लेच्या खालच्या अर्ध्या भागावर काळी इन्सुलेशन टेप लावली, ट्रिपचे किलोमीटर झाकले गेले आणि बॅटरीच्या दांड्या, लेव्हल आणि वेग दिसत राहिला. टेपची कड नखाने उचकटलेली दिसली की कळायचं आज दिवस जड गेलाय, मग त्याला जेवताना एकटं सोडायचं नाही.

बॅटरी आणि बिघाड, इथे जरा नीट लक्ष द्या

साध्या माणसाची बॅटरी रस्त्यात संपली तर घामाघूम होऊन तो घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून सांगतो. रिकव्हरीतल्या माणसाला तेच जीवावर बेतू शकतं. मोटरमुळे दमलोय हे कळत नाही, आपण आरामात लांब जातो, खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत पोचतो, आणि परतीला बॅटरी बसते. मग पंचवीस किलोचं धूड ओढत सिंहगड रोडने घरी.

हिशोब सोपा आहे. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे दोन्हींचा गुणाकार, ३६० वॅट-अवर, इतकी वीज तिच्यात मावते. पेडल मारत गेलात तर किलोमीटरला साधारण १० ते १२ वॅट-अवर जातात, म्हणजे तीसएक किलोमीटर, नुसत्या थ्रॉटलवर त्याहून बरंच कमी. खोक्यावर लिहिलेली रेंज सपाट रस्त्याची आणि सगळ्यात खालच्या लेव्हलची असते. बाणेर-पाषाण-बावधनच्या चढांवर ती मिळत नाही, आणि शेवटची दांडी तर बघता बघता जाते. म्हणून निम्मी बॅटरी संपायच्या आत वळायचं. तरी संपलीच तर पेडल मारत यायचं नाही, सायकल लॉक करायची, बॅटरी काढून हातात घ्यायची आणि रिक्षाने घरी. हे पैसे वाया गेले असं घरात कोणी म्हणू नये.

मोटर मदत करत नसेल तर आधी हे बघा. डिस्प्ले चालू आहे पण पेडल आणि थ्रॉटल दोन्हीला काही होत नाही, तर बहुतेक ब्रेकचा लिव्हर पूर्ण मागे आलेला नसतो, ब्रेकमधला सेन्सर मोटर कापतो, लिव्हर बाहेर ढकलून बघा. थ्रॉटलवर चालते पण पेडलवर नाही, तर पेडलजवळची लोहचुंबकाची चकती किंवा तिचा सेन्सर सरकलेला असतो. डिस्प्लेच बंद, तर बॅटरी नीट बसली आहे का, किल्ली फिरवली आहे का. पाऊस-पाण्यानंतर बंद पडली तर कनेक्टर पुसून वाळू द्या. आणि बॅटरी फुगली असेल किंवा जोरात पडली असेल तर चार्ज करूच नका, दुकानात दाखवा. पण मुद्दा हा की मोटर दुरुस्त होईपर्यंत सायकल पार्किंगमध्ये राहील. "मेकॅनिकला वेळ नाहीये, तोपर्यंत अशीच चालवतो" हे वाक्य आलं की सावध व्हा.

लिफ्ट नसलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर सायकल जिन्याने वर नेऊ नका, बॅटरी दोन-तीन किलोचीच असते, ती काढून वर आणा. अंगावर मांस कमी असेल तर सीट टोचते, रुंद सीट लावून घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघू नका, अशा माणसाला थंडी लवकर बाधते, बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबला जात नाही. ऊन आल्यावर, नाश्ता झाल्यावर.

घरच्यांसाठी

"तब्येत छान भरली हं" असलं काही बोलू नका, पाहुण्यांनाही आधी सांगून ठेवा. कुठे गेलास, कोण भेटलं, हे विचारा. किती गेलास हे विचारू नका. सायकलला शक्यतो काहीतरी काम द्या, मंडईतून भाजी, लायब्ररीत पुस्तक, मावशीकडे डबा, म्हणजे पोचलं की राईड संपते. नुसती चक्कर असली की तिला शेवट नसतो.

बॅटरीची किल्ली घरच्यांनी गुपचूप लपवू नये, विश्वास एकदा गेला की सायकलबरोबर जेवणाचंही खोटं सुरू होतं. सगळं बरं चाललेलं असतानाच थेरपिस्टसमोर बसून ठरवा की वजन किंवा रिपोर्ट खाली आले, जेवण सुटलं, ठरल्यापेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलं, तर किल्ली स्वतः आणून द्यायची, आणि परत कधी मिळणार हेही तेव्हाच ठरवा. सायकल चुकली म्हणून चिडचिड, रडू, अपराधी वाटणं सुरू झालं तर तेही याच यादीत घाला.

राईडमध्ये डोळ्यापुढे अंधारी, छातीत धडधड, हातपाय गळणं असं काही झालं तर तिथेच उतरून बसा आणि घरी फोन करा. चक्कर येऊन पडलं, शुद्ध गेली, छातीत दुखलं तर लिंबूपाणी देत बसू नका, सरळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या आणि ईटिंग डिसऑर्डर आहे हे तिथे स्पष्ट सांगा, कारण माणूस वरून ठीक दिसला की सलाईन लावून घरी पाठवलं जाण्याची शक्यता असते, तुम्ही ईसीजी आणि पोटॅशियम बघायला सांगा. मनाने फार कठीण झालं असेल, कोणाशी तरी बोलायचं असेल, तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, आणि घरच्यांनीही त्यावर फोन केला तर चालतो.