बिअर मुरताना हवेपासून जपा

यावलला माय कैरीचं लोणचं भरते तेव्हा निम्मा वेळ बरणीच्या तोंडाशीच जातो. फोडी मुठीनं दाबायच्या, बुडबुडे आले की परत दाबायच्या, मग वर बोटभर तेल. हवा लागलेली फोड आधी बिघडते, हे तिचं ठाम मत. मेलबर्नला नऊ वर्षं मी घरी बिअर केली, आणि बाटलीत ती मुरवायची कशी हे मला त्या बरणीवरूनच उमगलं. तिकडे असलेली आपल्या भागातली पोरं फोन करून विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा इथे हा उद्योग करू नका.

माझी दुसरी खेप पेल एल या फिकट सोनेरी बिअरची होती, २० लिटर. आंबवायच्या बादलीचा नळ सोडला आणि दोन फुटांवरून धार खालच्या बादलीत पडू दिली. छान फेस आला, मी खूश. पाच आठवड्यांनी बाटली उघडली तर सोनेरी रंग मातकट झालेला, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) संत्र्यासारखा वास गायब, आणि नाकाला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. फार वाईट वाटलं.

यीस्ट टाकायच्या वेळी हवा हवीच असते, यीस्ट ती वापरून वाढतं. आंबणं संपलं की मात्र तीच हवा वैरी. म्हणून झाकण उघडून डोकावू नका. बादली गार करायला फ्रिजमध्ये ठेवली की आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून (झाकणावरची, आतला वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी) बाहेरची हवा आत ओढली जाते. बाटल्यांत भरणार असाल तर ही पायरी सोडून द्या.

हायड्रोमीटरचा (बिअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणारी तरंगती नळी) आकडा तीन दिवस हलला नाही की मगच भरायला घ्या, नाहीतर बाटल्या फुटतील. बाटलीत फेस धरावा म्हणून २० लिटरला साधारण १२५ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून, गार करून, रिकाम्या बादलीच्या तळाशी ओता. बिअर त्या बादलीत उतरवताना सायफनची नळी तळाला वेटोळं घालून ठेवा, म्हणजे बिअर खालून गोल फिरत चढते आणि साखर आपोआप मिसळते. खळखळ आवाज आला की समजायचं, हवा शिरतेय.

बाटलीत भरायची नळी तळाला टेकवून बाटली काठोकाठ भरा. नळी काढल्यावर वर दीड इंच जागा उरते, तेवढी पुरे. फेस तोंडाशी आला की त्याच्यावरच झाकण बसवून दाबा. फेसानं मानेतली हवा बाहेर ढकललेली असते. मायच्या तेलाच्या थराचं काम इथे फेस करतो. उरलीसुरली हवा बाटलीतलं यीस्ट काही प्रमाणात संपवतं, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

दोन आठवडे २० अंशांच्या आसपास, अंधारात. मग थेट फ्रिज. बिअरवाल्यांचा एक ठोकताळा आहे: ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस, ३ अंशांत ३०० दिवस, बिअर सारखीच शिळी होते. मेलबर्नचा जानेवारीही कधी कधी आपल्या भुसावळच्या मे महिन्यासारखा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे गॅरेजमध्ये खोकी ठेवू नका. हॉप्स भरपूर असलेली, ओट्स घातलेली बिअर सगळ्यात लवकर खराब होते, तिला महिन्याभरात संपवा. काळी स्टाउट जास्त सोसते.

झाकणावर मार्करनं भरल्याची तारीख लिहा. तिसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या आठवड्यात एकेक बाटली उघडून पांढऱ्या कागदासमोर रंग बघा, आधी वास घ्या, मग घोट.