नाशिकला नव्याने आलात? शाळा-कॉलेज शोधताना या चुका टाळा

शाळेच्या ऑफिसच्या खिडकीशी आलेल्या पालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, फी किती?" दुसरा: "अ‍ॅडमिशन होईल ना?" मूल कितवीत आहे, आधीची शाळा कुठली, घर कुठे घेतलंय, हे सगळं मलाच विचारावं लागायचं. सिडकोतल्या एका शाळेत क्लार्क म्हणून नोकरी करून निवृत्त झाले, तरी कॉलनीत कोणी नवीन भाडेकरू आले की त्यांना माझ्याकडेच धाडतात. लोक बदलतात, चुका त्याच असतात.

नाशिकमध्ये सोयींची वानवा नाही. अंगणवाडीपासून मुक्त विद्यापीठापर्यंत सगळं आहे. अडतं ते उलट्या क्रमामुळे. लोक आधी शाळेचं नाव ठरवतात, मग घर बघतात आणि कागदांची आठवण सगळ्यात शेवटी होते.

एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) न वाचताच गावाहून निघणं

माझा सगळ्यात जुना राग हा. एक कुटुंब दिवाळीनंतर मराठवाड्यातून आलं. वडिलांना नाशिकच्याच अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत काम लागलं होतं, मुलगा सातवीत. वडिलांनी पिशवीतून दाखला काढला तो चक्क लॅमिनेट केलेला. "खराब होऊ नये म्हणून, मॅडम." आता त्याच्यावर ना सही होते, ना शिक्का बसतो. तेही चाललं असतं, पण जन्मतारीख अंकांत ऑगस्टची आणि खाली अक्षरांत सप्टेंबरची. आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं. आधार कार्डावर तिसरंच स्पेलिंग.

मुलाला आम्ही त्याच दिवशी वर्गात बसवलं. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) स्पष्ट आहे: ६ ते १४ वयाच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कोणी नाकारत असेल तर तसं लेखी मागा, सूर लगेच बदलतो. पण वर्गात बसणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं. जुन्या शाळेने मुलाला यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीच्या पोर्टलवर 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडून गेलेल्यांच्या यादीत टाकलंच नव्हतं आणि तोवर नव्या शाळेला त्याचं नाव ओढून घेता येत नाही. तिकडचे मुख्याध्यापक कधी ट्रेनिंगला, कधी रजेवर. वडील बिचारे रात्रपाळी करून रात्रीची एसटी पकडायचे, सकाळी शाळेच्या दारात उभे राहायचे आणि "रजिस्टर कपाटात आहे, चावी नाही" हे ऐकून परत यायचे. परीक्षा आली तरी पोर्टलवर मुलगा जुन्याच शाळेत.

माझी सवय सांगते. दाखला हातात पडला की तिथेच, त्याच टेबलाशी उभं राहून मोठ्याने वाचायचा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकांत, जन्मतारीख अक्षरांत, जन्मगाव. जनरल रजिस्टरशी ताडून मागायचा. लिहिताना झालेली चूक रजिस्टर बघून तिथल्या तिथे दुरुस्त होते. रजिस्टरमध्येच चूक असेल, तर प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत जातं आणि तेही मूल शाळेत असतानाच केलेलं बरं. निघताना मुलाचा पेन नंबर (पोर्टलवरचा त्याचा कायमचा नंबर) लिहून घ्या आणि "ड्रॉपबॉक्सला टाका" असं त्याच दिवशी सांगा. परराज्यातून येत असाल तर तिथल्या शिक्षण अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घेऊनच या. आणि लॅमिनेशन? कृपा करा. झेरॉक्स काढा, लॅमिनेट तीच करा.

नोटरीच्या भाडेकरारावर आरटीईचा फॉर्म

आरटीईखाली गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी खासगी शाळेतल्या २५ टक्के जागांची सोडत असते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. कागद काय लागतात, हे मात्र सोडत लागल्यावर विचारतात. भाड्याने राहणाऱ्यांना त्यासाठी रजिस्टर केलेला, किमान ११ महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा भाडेकरार लागतो. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारलेला चालत नाही. आमच्या गल्लीतल्या एका ताईंच्या मुलीला चांगली शाळा लागली होती. पेढे वाटून झाले. पडताळणीत नोटरीचा करार निघाला आणि प्रवेश रद्द. घरमालक म्हणे, "रजिस्टर कशाला, उगाच खर्च." वाचलेल्या पैशांतून पहिलीचा युनिफॉर्मसुद्धा आला नसता. घर बघतानाच मालकाला रजिस्टर कराराचं विचारा. नाही म्हणाला तर दुसरं घर बघा.

दुसरी गंमत नकाशाची. फॉर्ममध्ये घराच्या जागेवर लाल फुगा नेऊन ठेवायचा असतो, त्यावरून शाळेचं अंतर मोजलं जातं. नेट कॅफेवाला घाईत तो कुठेही टेकवतो आणि अंबडचं मूल म्हसरूळला राहायला जातं. फुगा स्वतः ठेवा, गल्लीपर्यंत मोठा करून बघा. दहा शाळा निवडता येतात म्हणून दहाच्या दहा भरायच्याच असं नाही. आणि शाळा जूनमध्ये उघडतात म्हणून मेमध्ये जागे होऊ नका, हे फॉर्म कित्येक महिने आधी येऊन जातात.

नाव मोठं, अंतर त्याहून मोठं

घर पाथर्डी फाट्याला आणि शाळा गंगापूर रोडला, कारण साहेबांची मुलं तिथे जातात! सकाळी मुंबई नाक्यावर व्हॅन अडकते, आतली पोरं पेंगतात, संध्याकाळी पुन्हा तेच. त्यात २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं. प्रवेशाच्या आधी शाळा सुटण्याच्या वेळी, शक्यतो पावसाच्या दिवशी, तो रस्ता एकदा दुचाकीवरून जाऊन बघा. जवळची महापालिकेची शाळा न बघताच नाक मुरडणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय. मराठीबरोबर हिंदी आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत, एवढं तरी माहीत असू द्या. तीन ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी अंगणवाडी आहे आणि ती फुकट आहे. नर्सरीला कर्ज काढणारे बघितले की मला काय वाटतं, ते इथे लिहीत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

शाळेचा यूडायस नंबर न बघता पैसे भरणं. ११ आकडी असतो आणि ऑफिसात विचारला तर पटकन सांगता आला पाहिजे. गुळमुळीत उत्तर आलं तर उठा.

"सीबीएसईला मराठी नसतं ना?" असतं. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी आहे. हिंदी पट्ट्यातून आलेल्या मुलांना सुट्टीतच अक्षरओळख सुरू करून द्या, लिपी तर तीच आहे.

देणगी. कायद्याने बंदी आहे. पावती मागा, मग बघा काय होतं. गेटवर "करून देतो" म्हणणाऱ्याचा नंबर घेऊच नका.

अकरावी. प्रवेश ऑनलाइन होतो आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिला नंबर "बघू तरी" म्हणून टाकायचा नसतो. सगळ्यांना कॉलेज रोडचं एचपीटी-आरवायके नाहीतर केटीएचएम हवं असतं. नाशिकरोडला बिटको आहे, सिडकोत उत्तमनगरला मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक संस्थेचं) कॉलेज आहे, तेही यादीत राहू द्या. निकालाच्या आधीच क्लासवाल्याकडे डिपॉझिट भरून "कॉलेज तेच बघतील" म्हणणाऱ्या पालकांपुढे मी हात टेकले.

मुलाला मेडिकलला घालायचं स्वप्न असेल, तर परराज्यातून अकरावीला इकडे आणण्याआधी नीट वाचा. राज्याच्या कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, वर डोमिसाइल (राज्यातल्या रहिवासाचा दाखला). काही सरकारी नोकरांच्या मुलांना सवलत आहे, बाकीच्यांना नाही.

आपलं काय, हे न विचारणं

मुलांचं झालं की मोठी माणसं गप्प बसतात. दहावी राहिलेल्या बाई हळूच विचारतात, तेही दिवाळीनंतर. बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म साधारण पावसाळ्यात भरायचा असतो, जवळच्या नेमून दिलेल्या शाळेतून. तो हुकला तर एनआयओएस (केंद्राची मुक्त शाळा) आहे, त्याची परीक्षा वर्षातून दोनदा होते. सासूबाईंना सहीसुद्धा येत नसेल तर जवळच्या शाळेत 'उल्लास' हा साक्षरतेचा कार्यक्रम विचारा, १५ वर्षांपुढच्या कोणालाही चालतं. आयटीआयला वयाची वरची अट नाही, त्र्यंबक रोडवर सातपूरला सरकारी आयटीआय आहे. तिशीतल्या माणसाने तिथे फॉर्म भरायला लाजायचं काही कारण नाही.

पदवीसाठी १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथेच, गोवर्धनला आहे. इथेही एक ठरलेली चूक. माणूस रजा टाकून, दोन बस बदलून तिथे जातो आणि "अभ्यासकेंद्रावर विचारा" हे ऐकून परतीची बस धरतो. प्रवेश ऑनलाइन, बाकीचं काम अभ्यासकेंद्रातून आणि केंद्रं शहरातल्या कॉलेजांमध्येच आहेत. "नोकरी करत घरबसल्या इंजिनिअरिंग" अशा जाहिरातींवर मात्र रुपया टाकू नका. इंजिनिअरिंग, नर्सिंग, कायदा यांच्या दूरशिक्षणातल्या पदव्यांना यूजीसीची मान्यताच नाही. केंद्र निवडताना घर, कंपनी आणि वर्ग यांची सांगड घाला. संपर्कसत्रं बहुधा रविवारी असतात, त्यामुळे तुमची साप्ताहिक सुट्टी दुसऱ्या वारी असेल तर फी भरण्याआधी केंद्राच्या समन्वयकांशी बोलून घ्या.