लहान गावातून प्रकल्प व्यवस्थापनाकडे

लहान गावातून आलेल्या स्त्रीने प्रकल्प व्यवस्थापनाच्या क्षेत्राकडे वळताना आधी स्वतः पार पाडलेल्या कामांची नोंद करावी, कारण मुदत, खर्च आणि माणसे सांभाळण्याचा हा अनुभव अनेकजणी विनाकारण कमी लेखतात. ‘संमेलनाचे काम पाहिले’ असे मोघम न लिहिता ‘१२ जणांत कामे वाटली, छपाई २ दिवस लांबणार हे कळताच कामांचा क्रम बदलला आणि ठरलेली तारीख पाळली’ असे नेमके लिहावे.

सुरुवात प्रकल्प समन्वयकाच्या पदापासून करावी. सीएपीएम या प्रकल्प व्यवस्थापनातील प्राथमिक प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी माध्यमिक शिक्षण आणि २३ तासांचे प्रशिक्षण पुरते; पीएमपी या अनुभवी व्यवस्थापकांसाठीच्या प्रमाणपत्रासाठी पदवीधरांनाही प्रकल्प हाताळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, म्हणून त्याची घाई नको. बैठकीत बोलताना शब्द अडखळले तरी, कोणी काय आणि कधीपर्यंत करायचे, हे त्याच दिवशी सर्वांना लिहून पाठवावे.