पडद्यावरचा जुना कॉम्प्युटर ओळखताना आणि हुबेहूब बनवताना या चुका टाळा

कोल्हापुरात मोरेवाडीच्या चित्रनगरीत एका मालिकेसाठी १९८९ सालची बँक उभी केली होती. सागवानी टेबलं, जाडजूड लेजर, पितळी घंटी, भिंतीवर त्याच सालचं कॅलेंडर. कॉम्प्युटर मी दिलेला. पहिला शॉट लागला आणि कॅमेऱ्यामागचा पोरगा ओरडला, "काका, चारच्या बटणावर रुपयाचं चिन्ह हाय की!"

होतं खरं. मूळ कीबोर्ड मेला होता म्हणून मी रंग जुळणारा दुसरा जोडलेला. रुपयाचं ते चिन्ह सरकारनं स्वीकारलं जुलै २०१० मध्ये. ८९ च्या कारकुनाच्या बोटाखाली ते एकवीस वर्षं आधी येऊन बसलं होतं. बटणावर काळी चिकटपट्टी मारली आणि वेळ मारून नेली.

लक्ष्मीपुरीत बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त केले, आता शूटिंगसाठी जुनी मशीन शोधून देतो, नाही मिळाली तर बनवतो. एवढ्या दिवसांत बहुतेक घोळ एकाच ठिकाणी होताना बघितले. पडद्यावरच्या मशीनला तीन सालं असतात: ते कारखान्यातून निघालं ते साल, शूटिंग झालं ते साल आणि गोष्ट घडते ते साल. ही तीन सालं आधी कागदावर लिहून काढा, मगच पक्कड हातात घ्या.

चूक: एकाच मशीनचं नाव शोधत बसणं

फ्रेम थांबवायची, फोटो काढायचा आणि "हे कुठलं मॉडेल?" म्हणून विचारत सुटायचं. उत्तर येतच नाही, कारण ते बहुधा एक मशीन नसतंच. डबा एकाचा, पडदा दुसऱ्याचा आणि पडद्यावरची अक्षरं पाठवणारं तिसरंच मशीन सेटच्या मागं.

'वॉरगेम्स' हा १९८३ चा सिनेमा घ्या. त्यातल्या पोराच्या खोलीत इमसाई ८०८० आहे, पुढं लाल-निळ्या दांड्यांची रांग. हे मशीन बाजारात आलं १९७५ मध्ये आणि कंपनी १९७९ मध्येच बुडाली. म्हणजे शूटिंगच्या वेळी ते भंगारातलंच. गोष्टीला ते शोभतं, कारण पोरगं जुनंपानं गोळा करणारं आहे. ओळखणारा मात्र १९८३ च्या जाहिराती चाळत बसला तर त्याला जन्मात सापडणार नाही. टायपिंगचीही गंमत आहे. नटानं कुठलंही बटण दाबलं तरी पडद्यावर ठरलेलंच अक्षर उमटेल अशी सोय केलेली होती. तेव्हा बोटं आणि अक्षरं जुळवून कीबोर्डची मांडणी काढायला जाऊ नका.

त्याच सिनेमातला लष्कराचा प्रचंड दिवेवाला कॉम्प्युटर म्हणजे प्लायवूडचा डबा. उलट 'ज्युरासिक पार्क' मधली, १९९३ ची, लाल दिव्यांची काळी कपाटं लोकांना सुताराची करामत वाटतात. ते मात्र थिंकिंग मशीन्स कंपनीचं सीएम-५, खराखुरा सुपरकॉम्प्युटर. त्यातलं फायलींचं त्रिमितीय गाव बघून लोक अजून हसतात. तोही सिलिकॉन ग्राफिक्सचा एफएसएन नावाचा खरा प्रोग्रॅम होता. थोडक्यात, "हे खोटं दिसतंय" हा पुरावा धरू नका.

साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी सिनेमा-मालिकांत दिव्यांची एक भिंत पुन्हा पुन्हा दिसते. ती बऱ्याचदा आयबीएमच्या एएन/एफएसक्यू-७ ची असते. हे अमेरिकेच्या हवाई संरक्षणाचं पन्नासच्या दशकातलं मशीन, वजन २५० टनांच्या घरात. मोडीत निघाल्यावर त्याची पॅनेलं स्टुडिओंच्या गोदामात गेली आणि पुढं कुठल्याही कहाणीत "भविष्यातला कॉम्प्युटर" म्हणून उभी राहिली. दिवे लुकलुकतात एवढंच दिग्दर्शकाला हवं असतं.

चूक: नावाच्या पट्टीवर विश्वास

सिनेमावाले कंपनीचं नाव झाकतात, खरवडतात, कधी नवीनच चिकटवतात. म्हणून नाव वाचूच नका, त्या पट्टीचा खळगा बघा: तो डावीकडं आहे की उजवीकडं, आडवा की चौकोनी. मग हवेच्या फटी मोजा. फ्लॉपीची खाच केवढी आहे, खटका फिरवायचा की दाबायचा? कीबोर्डवर फंक्शनची दहा बटणं डाव्या हाताला दोन ओळींत असतील तर मांडणी आयबीएमच्या सुरुवातीच्या पीसीची. वर बारा ओळीनं असतील तर १०१ बटणांची, म्हणजे ८५ नंतरची. खाली विंडोजचं बटण दिसलं तर ते मशीन नव्वदच्या मध्याच्या अलीकडचं, गोष्ट काहीही सांगो. एक खबरदारी घ्या: फ्रेम आरशातल्यासारखी उलटी छापलेली नाही ना, ते आधी घड्याळाच्या काट्यांवरून किंवा शर्टाच्या खिशावरून बघा.

चूक: चुकीच्या वस्तूवरून माप काढणं

इथं मी स्वतः पत्रा वाया घालवलाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या कीबोर्डमध्ये एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्याच्या मध्यापर्यंतचं अंतर बहुतेक वेळा पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी असतं. क्यू पासून पी पर्यंत अशी नऊ अंतरं, एकूण १७१ मिमी. मी फ्रेम छापून घेतली, पट्टी लावली, क्यू ते पी ५७ मिमी भरलं. छापील चित्र मूळ वस्तूच्या एक तृतीयांश! खूश होऊन त्याच हिशेबानं मागच्या डब्याची रुंदी काढली आणि उद्यमनगरात पत्रा कापायला दिला. डबा बेंड होऊन आला तेव्हा फ्लॉपी ड्राइव्ह त्यात बसेना, सगळं दोन इंच अरुंद. कारण सरळ होतं. कीबोर्ड कॅमेऱ्याच्या जवळ, डबा वीतभर मागं. मागची वस्तू लहान दिसते आणि मी तिला पुढच्या वस्तूची फूटपट्टी लावली होती. मिस्त्री म्हणाले, "आता पत्रा काय वडून लांब करू व्हय?"

ज्या पृष्ठभागाचं माप हवं, त्याच पृष्ठभागावरची ओळखीची वस्तू धरा. डब्याच्या तोंडावर सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह असेल तर काम सोपं. त्याचं तोंड १४६ मिमी रुंद असतं. पूर्ण उंचीचा असेल तर ८३ मिमी उंच, अर्ध्या उंचीचा असेल तर ४१. टेबलावर फ्लॉपी पडलेली असेल तर ती १३३ मिमी चौकोनी, छोटी असेल तर ९० मिमी रुंद. दोन वेगळ्या शॉटमधून माप काढा. दोन्हींत पाच मिमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसरा शॉट शोधा. आणि मिस्त्रींना माप "बाहेरून बाहेर" की "आतून आत" हे चिठ्ठीवर लिहून द्या. पत्र्याची जाडी आणि बेंड यात दोन-तीन मिमी सहज जातात आणि मग तोंडाची प्लास्टिकची चौकट बसत नाही.

पत्र्याच्या कामाला हे गाव सोडून कुठं जायची गरज पडत नाही. बाबूराव पेंटरांनी इथंच लेथवर सिनेमाचा कॅमेरा घडवला होता. त्यापुढं आपला डबा म्हणजे काहीच नाही.

चूक: आज दिसतो तो रंग लावणं

भंगारात मिळालेलं मशीन पिवळं पडलेलं असतं. प्लास्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनची रसायनं घातलेली असतात, उन्हानं आणि वर्षांनी ते पिवळं होतं. आता पुन्हा तीन सालं आठवा. १९८९ च्या बँकेत ते मशीन नुकतंच खोक्यातून निघालेलं आहे. ते पिवळं कसं असेल? तरीही "जुनं दिसायला पाहिजे" म्हणून पेंटरला बिस्किटाचा रंग सांगणारे ढीगभर भेटतात.

खरा रंग झाकणाच्या आतल्या बाजूला, स्टिकरच्या खाली किंवा जिथं ऊन पोचलं नाही अशा कोपऱ्यात मिळतो. तो तुकडा घेऊन रंगाच्या दुकानात जा. सिनेमाच्या फ्रेमवरून रंग उचलू नका, तिथं दिव्यांची आणि नंतरच्या रंगकामाची सरमिसळ झालेली असते. खरं प्लास्टिक पुन्हा उजळवायचं असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात. हातमोजे घाला आणि मधूनमधून लेप सारखा करा, नाहीतर ढगासारखे पांढरे डाग उठतात आणि ते परत जात नाहीत.

जुलै-ऑगस्टात ड्यूको मारायचा असेल तर वेगळी अडचण. आपल्याकडं पाऊस लागला की हवेतला दमटपणा रंगात बसतो आणि वाळल्यावर वरून राख फासल्यासारखं पांढुरकं दिसतं. रंग सावकाश वाळवणारा रिटार्डर थिनर वापरा किंवा उघडीप बघून मारा.

बॅज आणि बटणांच्या साच्याचं एकच सांगतो. सिलिकॉन रबर दोन दिवसांनीही चिकट राहिलं तर मिश्रणाच्या मापाला दोष देण्याआधी नमुन्याची माती बघा. प्लॅटिनमवर घट्ट होणारं रबर गंधक असलेल्या मातीला टेकलं की तिथं घट्ट होतच नाही, आणि मॉडेलिंगच्या तेलकट मातीत गंधक बऱ्याचदा असतं. गंगावेशीतल्या एका मूर्तिकारानं मला हे पाच मिनिटांत दाखवलं. त्याआधी माझे तीन साचे कचऱ्यात गेले होते.

चूक: पडदा म्हणजे काळी काच समजणं

बंद असलेली पिक्चर ट्यूब काळी नसते, राखाडी-हिरवट असते. सपाट एलसीडी मागं बसवून काम भागवायचं तर निदान पुढं फुगीर अ‍ॅक्रिलिक लावा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं पडलं की डोळा फसतो. सरळ पडलं की लगेच कळतं. एलसीडी चौकोनी धाटणीचाच घ्या, रुंद पडदा अर्धा झाकून वापरला की कडेनं उजेड गळतो.

खरी ट्यूब वापरत असाल तर पहिली तक्रार ठरलेली: "स्क्रीनवर काळा पट्टा फिरतोय." ट्यूबवरचं चित्र एका वेळी एक ओळ असं वरून खाली रंगत येतं. कॅमेऱ्याचं शटर त्या वेळेशी जुळलं नाही की एखादा भाग दोनदा रंगलेला किंवा अजिबात न रंगलेला टिपला जातो. शटर आणि पडदा एका गतीला आणायचे, एवढाच उपाय. आपल्याकडच्या टीव्हीला जोडणारा घरगुती कॉम्प्युटर आणि आयबीएमचा जुना हिरवा मॉनिटर, दोन्ही सेकंदाला ५० वेळा रंगतात. तिथं शटर १/५० ठेवा, काम झालं. फसगत होते ती नंतरच्या पीसीच्या व्हीजीए मॉनिटरवर. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं चालू असताना तो ७० वर पळतो, आणि सगळे ६० धरून चालतात. कॅमेऱ्यात शटर बारीक सरकवायची सोय असेल तर ७० ला जुळवा. नसेल तर तीच अक्षरं ६४० बाय ४८० च्या ग्राफिक्समध्ये चित्र म्हणून दाखवा, तिथं गती ६० असते, शटर १/६०.

अक्षरांचंही साल असतं. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या पडद्यावर ८० अक्षरं आडवी, २५ ओळी उभ्या. मराठी दाखवायची असेल तर 'मंगल' फाँट लावू नका, तो विंडोज २००० बरोबर आला. डॉसवर देवनागरीसाठी बऱ्याचदा सी-डॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड आत बसवायचे, अक्षरं ठिपक्याठिपक्यांची.

चूक: मिळालं की प्लग लावणं

हे वाचून काही लक्षात ठेवायचं असेल तर एवढंच ठेवा. अमेरिकेतून आलेल्या मशीनच्या मागं व्होल्टेजची लाल सरकपट्टी ११५ वर असते. आपल्या २३० वर लावलं की फटाका. पॉवर सप्लायमधले जुने कागदी कपॅसिटर चांगल्या मशीनमध्येही दहा मिनिटांत धूर काढतात, आणि तो वास खोलीतून आठवडाभर जात नाही. पहिल्यांदा सुरू करताना मध्ये १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब सिरीजला घाला. बल्ब भकाभक पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. क्षणभर पेटून मंद झाला तर आशा आहे. २८६-३८६ या जुन्या पीसींच्या बोर्डवर निळी पिंपासारखी बॅटरी असते, ती गळून तांब्याच्या रेषा खाते. हिरवट थर दिसला तर बॅटरी कापून काढा, व्हिनेगरचा बोळा फिरवा, मग स्पिरिटनं पुसा.

पिक्चर ट्यूब उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्यात हजारो व्होल्ट साठून राहतात. जुना टीव्ही मेकॅनिक गाठा, त्यांना कुठं हात लावायचा नाही ते माहीत असतं.

चूक: अमेरिकेचं टेबल कोल्हापुरात मांडणं

सिनेमा बघून टेबल सजवलं की त्यावर कॉफीचा मग येतो. आपल्याकडं १९८९ च्या कॉम्प्युटरशेजारी काय असायचं? खाली घूं-घूं करणारा स्टॅबिलायझर. पडद्यावर काळ्या जाळीचा फिल्टर. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर, संध्याकाळी घालायचंच. भोकांच्या पट्ट्यावाला सलग कागद आणि त्यावर कर्कश्श प्रिंटर. खोलीला एसी, आणि दाराबाहेर चपलांची रांग. दुरुस्तीवाल्याच्या इंग्रजी स्टिकरवर बॉम्बेच लिहा, मुंबई नंतर आली, १९९५ मध्ये.

त्या बँकेसाठी दिलेल्या डब्यावर उजव्या कोपऱ्यात हळदकुंकवाचा एक जुना डाग होता, कुठल्यातरी कचेरीतल्या खंडेनवमीचा. मी तो थिनरनं पुसायला घेतला होता. कला दिग्दर्शकानं हात धरला आणि कॅमेरा त्या बाजूला वळवून घेतला.