खड्यांचा दागिना घेताना बिलातलं निव्वळ वजन बघा

खडा तोलतात कॅरेटमध्ये आणि सोन्याचा कस सांगतात तोही कॅरेटमध्येच. घोळ होतो तो इथेच. खड्याचा कॅरेट हे वजन: १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ५ कॅरेटचा १ ग्रॅम. सोन्याचा कॅरेट म्हणजे २४ भागांत शुद्ध सोनं किती. २२ कॅरेटवर ९१६, १८ वर ७५० असा शिक्का असतो.

आता समजा, काट्यावर हार ३० ग्रॅम भरला आणि त्यात १२ कॅरेटचे खडे आहेत. खड्यांचे २.४ ग्रॅम वजा केले की सोनं उरतं २७.६ ग्रॅम, हेच निव्वळ वजन. सोन्याचा भाव आणि मजुरी एवढ्यावरच लावायला सांगा. खड्यांचे पैसे वेगळ्या ओळीत हवेत. नाहीतर काचेचे खडेसुद्धा सोन्याच्या भावात गळ्यात पडतात! मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांनाही हाच हिशोब.

हॉलमार्कमध्ये, म्हणजे शुद्धतेच्या अधिकृत शिक्क्यात, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, कस आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, असतो. दुकानातच ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो टाकून बघा. संकोच करू नका. कुंदन, पोलकी, जडाऊ दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, तिथे कस आणि निव्वळ वजन बिलावर लिहूनच घ्या.

राशीचा खडा घेताना ‘सव्वापाच रत्ती’ ऐकून पैसे देऊ नका. रत्तीचं माप सगळीकडे एकच नसतं, म्हणून वजन कॅरेटमध्येच मागा. तोळ्याचंही तसंच: जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सराफी तोळा १० ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या मोडायला नेताना हे आठवा.