अणुप्रकल्पाच्या जनसुनावणीत सुरक्षेचा प्रश्न कसा मांडावा

भारतात अणुभट्टीच्या सुरक्षेची तांत्रिक छाननी अणुऊर्जा नियामक मंडळ करते. जागेची निवड, बांधकाम, चाचण्या आणि वीजनिर्मिती अशा टप्प्यांवर मंडळ संमती देते. परंतु ती छाननी तज्ज्ञांच्या समित्यांमध्ये चालते आणि तेथे गावकऱ्याला जागा नसते. फ्रान्समध्ये प्रत्येक अणुवीज केंद्रापाशी लोकप्रतिनिधी, कामगार संघटना आणि पर्यावरण संस्था यांची स्थानिक माहिती समिती असते, आणि आपल्याकडे तशी सोय नसणे ही माझ्या मते मोठीच उणीव आहे. तोवर नागरिकाने आपला प्रश्न 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार होणाऱ्या जनसुनावणीतच मांडावा, आणि तो इतिवृत्तात नोंदला जाईल अशा रीतीने मांडावा.

सुनावणीची जाहीर सूचना वृत्तपत्रांत किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. ती प्रसिद्ध होताच जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत येथे पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचे परिसरावर काय परिणाम होतील हे सांगणाऱ्या अहवालाच्या, मसुद्याची लेखी मागणी करावी आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर अणुप्रकल्पाची सुनावणी 16 मे 2010 रोजी माडबनला झाली, तेव्हा मराठी अहवाल वेळेत हाती पडला नाही ही गावकऱ्यांची मुख्य तक्रार होती. अशी तक्रार शिक्क्याच्या कागदासह केली तर तिचे वजन वाढते. अधिसूचनेने स्थानिक भाषेत सक्तीचा केला आहे तो केवळ अहवालाचा सारांश, त्यामुळे मूळ इंग्रजी अहवालाची प्रकरणे गावातील शिक्षक, वकील, अभियंते यांनी आपसांत वाटून घेऊन वाचावीत.

खरी मेहनत प्रश्न घडवण्यात आहे. ‘हा प्रकल्प धोकादायक आहे’ या विधानाला ‘सर्व काळजी घेतली जाईल’ एवढेच उत्तर येते आणि दोन्ही बाजू मोकळ्या होतात. त्याऐवजी असे विचारावे: पावसाळ्याच्या रात्री आणीबाणी घोषित झाली, तर जैतापूरजवळच्या साखरी नाटे या मच्छीमार गावाच्या बंदराबाहेर असलेल्या होड्यांना निरोप कोण, कशाने देणार आणि त्यांना कोणत्या बंदरात उतरवणार? प्रकल्पाबाहेरच्या आणीबाणीचा आराखडा राबवण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनाची असते, त्यामुळे हा प्रश्न व्यासपीठावरील अध्यक्षांनाही लागू पडतो. दुसरा नमुना तांत्रिक आहे. फ्रान्समधील फ्लामानव्हिल येथील ईपीआर या जातीच्या भट्टीच्या दाबपात्राच्या, म्हणजे अणुइंधन ज्यात असते त्या जाड पात्राच्या, पोलादात कार्बनचे प्रमाण ठिकठिकाणी जास्त आढळल्याचे तेथील नियामकाने 2015 मध्ये जाहीर केले. जैतापूरसाठी याच जातीच्या सहा भट्ट्या योजल्या आहेत, तर त्यांच्या पात्रांची तपासणी भारतातर्फे कोण, कोणत्या टप्प्यावर करणार? एका निवेदनात असे दोन-तीनच प्रश्न असावेत.

सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो, कामकाजाचे चित्रीकरण होते आणि गणसंख्येची, म्हणजे किमान उपस्थितीची, अट नसते. म्हणजेच बहिष्कार टाकला तरी सुनावणी झालीच असे धरले जाते. बहिष्काराचा निर्णय हे लक्षात ठेवूनच करावा. उपस्थित प्रत्येकाला प्रकल्पकर्त्याकडून खुलासा मागण्याचा हक्क आहे. प्रथम नाव व गाव सांगावे, प्रश्न वाचावा आणि त्याची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रतिनिधीच्या हाती द्यावी. ‘हा विषय नियामक मंडळाचा आहे’ असे उत्तर आले, तर तेच उत्तर शब्दशः नोंदवण्याचा आग्रह धरावा, कारण पुढच्या पत्रव्यवहाराचा तो आधार ठरतो. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवणे बंधनकारक आहे, पण तोवर मंडप बहुधा रिकामा झालेला असतो. निदान चौघांनी हातात निवेदनाची प्रत घेऊन थांबावे आणि सुटलेला मुद्दा तेथेच सांगावा.

इतिवृत्त प्रसिद्ध झाल्यावर त्यातील पान क्रमांक देऊन तोच प्रश्न नियामक मंडळाला पाठवावा आणि माहिती अधिकाराखाली संबंधित कागद मागावा. संरक्षणविषयक तपशील गोपनीय असल्याचे कारण आले, तर कलम 10 नुसार तेवढा भाग वगळून उरलेला मजकूर मागता येतो, आणि 30 दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करता येते. तमिळनाडूतील कुडनकुलम अणुवीज केंद्राचा सुरक्षा विश्लेषण अहवाल उघड करण्याचा आदेश केंद्रीय माहिती आयोगाने 2012 मध्ये दिला होता. प्रकरण पुढे न्यायालयात गेले, तरी अर्जात त्याचा उल्लेख अवश्य करावा. पर्यावरणीय मंजुरी मिळाल्यास तिच्या अटी वाचाव्यात. जैतापूरच्या 28 नोव्हेंबर 2010 च्या मंजुरीत अशा 35 अटी होत्या. प्रकल्पकर्त्याला दर सहा महिन्यांनी पूर्तता अहवाल द्यावा लागतो. त्यात आपल्या मुद्द्याशी जोडलेली अट शोधून ‘पूर्तता झाली’ या शेऱ्याचा पुरावा मागावा.