स्विमिंग पूलमध्ये स्टॅबिलायझर टाकताय? आधी या चुका टाळा

दर एप्रिल-मे मध्ये मला तीन-चार फोन ठरलेले. कर्जत, लोणावळा, अलिबाग, जिथे जिथे लोकांनी वीकेंडच्या घराला पूल काढलाय तिथून. "पाणी हिरवं झालंय, क्लोरीन टिकत नाही." आणि मी काही बोलायच्या आत, "दुकानदाराने स्टॅबिलायझर दिलं, टाकलं दोन किलो." अरे पण आधी मोजलं का? मोजायला कुणाला वेळ नाही, ओतायला मात्र सगळे तयार.

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड. कडक उन्हात नुसतं क्लोरीन दोन-तीन तासात बहुतेक उडून जातं, हे त्याला धरून ठेवतं. उघड्या पूलला ३० ते ५० पीपीएम (लिटरमागे तितके मिलिग्रॅम) पुरे. जास्त झालं की ते क्लोरीनला इतकं घट्ट धरतं की क्लोरीन असूनही कामाचं राहत नाही.

आता सगळ्यात मोठी चूक. ती टीसीसीए ९० (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिड) ची पांढरी टॅबलेट आहे ना, ती "क्लोरीनची गोळी" नाही, तिच्यात निम्म्याहून जास्त वजन सायन्युरिकचं असतं. ५०,००० लिटरच्या पूलमध्ये एक किलो टीसीसीए गेला की सायन्युरिक साधारण ११ पीपीएमने वाढतं. आठवड्याला एक किलो धरा, अडीच महिन्यात शंभरी पार. आणि पाणी बाहेर गेल्याशिवाय हे फारसं कमी होत नाही हो! पाणी वाफ होऊन जातं, हे तिथेच.

माझ्या मावसभावाचा कर्जतला ४८,००० लिटरचा पूल आहे, केअरटेकर दीड वर्ष इमानदारीत टॅबलेट टाकत होता, त्याचा काही दोष नाही, त्याला सांगितलंच तेवढं होतं. मे महिन्यात घरी मुंज, पाहुणे येणार आणि पाणी पालकाच्या सूपासारखं. टेस्टची पट्टी म्हणते क्लोरीन ३. भाऊ म्हणतो, "बघ, क्लोरीन तर आहे, मग स्टॅबिलायझरच कमी असणार," आणि आणखी दोन किलो ओतून मोकळा! मी माझं काळ्या ठिपक्याचं किट घेऊन गेलो (नळीत औषध मिसळलेलं पाणी ओतत जायचं, तळाचा ठिपका दिसेनासा होतो त्या खुणेला सायन्युरिकचा आकडा), तर १०० च्या खुणेपर्यंत पाणी पोचायच्या आधीच ठिपका गायब. मग पूलचं अर्धं पाणी आणि घरातलं अर्धं साधं पाणी मिसळून टेस्ट परत केली, ९० आलं, म्हणजे खरं १८०. इतक्याला क्लोरीन तेराच्या आसपास लागतं, तिथे ३ ने काय होणार? उपाय एकच, पाणी काढा. जवळपास ३४,००० लिटर सोडून दिलं आणि भर मे मध्ये दहा हजार लिटरचे चार टँकर मागवले. मावशी दोन दिवस माझ्याशीच बोलत नव्हती, जणू मीच घाण केली.

तेव्हापासून माझी सवय अशी की टॅबलेट फक्त आम्ही गावाला जाणार असू तेव्हा, एरवी लिक्विड क्लोरीन, त्यात सायन्युरिक नसतं. रोज टाकायचा कंटाळा येतो हे मान्य, पण कंटाळा टँकरपेक्षा स्वस्त पडतो.

दुसरी चूक घाईची. पावडर टाकली, दुसऱ्या दिवशी टेस्ट केली, रीडिंग हललं नाही म्हणून परत टाकली. सायन्युरिक फार हळू विरघळतं, पूर्ण दिसायला आठवडा जातो. मी जुन्या मोज्यात भरून इनलेटच्या (फिल्टरमधून पाणी परत येतं त्या तोंडाच्या) धारेसमोर लटकवतो आणि रोज चिमटतो. स्किमरमध्ये (वरचं पाणी फिल्टरकडे ओढणाऱ्या तोंडात) ओतून लगेच बॅकवॉश मारणारे, म्हणजे फिल्टर उलट्या धारेने धुणारे, महाभाग पण पाहिलेत, सगळा माल गटारात. हिशोब सोपा आहे, ५०,००० लिटरला अर्धा किलो म्हणजे १० पीपीएम. आधी निम्मंच टाका.

बाकी किरकोळ. छताखालच्या पूलला स्टॅबिलायझर लागतच नाही. सायन्युरिकसाठी पट्टीवर भरवसा ठेवू नका. ठिपक्याची टेस्ट बाहेर उजेडात, सूर्याकडे पाठ करून, खोलीत ट्यूबलाइटखाली नको. पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नका, जमिनीखालचं पाणी पूलची अख्खी टाकीच वर उचलतं. आणि टीसीसीएच्या बादलीत कॅल्शियम हायपोक्लोराइट (दुसऱ्या प्रकारची क्लोरीन पावडर) कधीच नाही, डावही एकच वापरायचा नाही, आग लागते, स्फोट होतो, यात गंमत नाही.

पावसाळ्यात पूल ओव्हरफ्लो होऊन सायन्युरिकची लेव्हल आपोआप उतरते, म्हणून जून ते सप्टेंबर मी स्टॅबिलायझरचा डबा उघडतसुद्धा नाही. ऑक्टोबरात ऊन लागलं की एकदा मोजायचं, मग काय ते टाकायचं.